सीआरझेड: समुद्रापासून 180 मीटरवर घर पाडून नवे बांधता येईल का?

देवगडकडे वडिलोपार्जित जागा, समुद्र 'साधारण 180 मीटर', एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश) हातात. जुने कौलारू घर पाडून नवे बांधायचे आणि दोन खोल्या होमस्टेला द्यायच्या, असा तुमचा बेत दिसतो.

एनए ऑर्डर आधी बाजूला ठेवा. ती महसूल खात्याची. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या सागरी किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालची. एकाची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही; एजंट नेमके हेच सांगत नाहीत.

आता हे 180 मीटर मोजले कुठून? अंतर धरतात ते भरतीरेषेपासून, आणि भरतीरेषा म्हणजे ओल्या वाळूची कड नव्हे. उधाणाला पाणी जिथवर चढते ती रेषा, आणि तीही अधिकृत संस्थेने नकाशावर आखलेली. मोबाईलवर मोजलेले 180 तिथे सहज 150 भरू शकतात. किनारा क्षेत्र व्यवस्थापनाच्या 1:25,000 च्या आराखड्यावर तुमचा गट ओळखताही येणार नाही; गट नंबर टाकलेला 1:4,000 चा नकाशा लागतो. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे चौकशी करा आणि जिल्ह्याला कुठला आराखडा लागू आहे तेही विचारा. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे केलेला आराखडा मंजूर नसेल तर 2011 च्या अधिसूचनेचेच नियम चालतात.

'ना-विकास क्षेत्र आता 50 मीटरच' हे ऐकून हुरळू नका. ती सवलत चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांना (2011 ची जनगणना). सिंधुदुर्गाची सरासरी 163 आहे. म्हणजे बहुधा तुम्हाला 200 मीटर ना-विकास क्षेत्रच.

त्या पट्ट्यात सर्वसाधारणपणे नवे घर नाही. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी होते, पण जोते आणि चटई क्षेत्र आहे तेवढेच ठेवून. म्हणून पाडण्याआधी जोत्याची मोजणी, फोटो, ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा उतारा (नमुना 8) आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या गोळा करा. पहिली सीआरझेड अधिसूचना निघाली त्या 19 फेब्रुवारी 1991 च्या आधीच्या असल्या तर उत्तमच. घर पाडल्यावर जोते किती होते हे सिद्ध करताना दमछाक होते. शिवाय होमस्टेची मुभा स्थानिकांच्या आहे त्या घराला आहे: जोते, रचना, दर्शनी भाग न बदलता. तेव्हा घराची नवी रचना आणि होमस्टे हे दोन्ही एकत्र जमणे अवघड. माझ्या मते कौले उतरवून वासे बदला, घर तेच ठेवा.

जागा 200 च्या पलीकडे निघाली तर गोष्ट वेगळी. तळमजला अधिक एक, उंची 9 मीटरपर्यंत. 2019 चे नियम लागू असतील तर स्वतःच्या राहत्या घराला 300 चौरस मीटरपर्यंत स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देते, पण सीआरझेड तपासूनच. नुसता सरपंचांचा नाहरकत दाखला म्हणजे ती तपासणी नव्हे.

मागे खाडी असेल तर तिचे अंतर निराळे: 2019 प्रमाणे 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातले कमी असेल ते. कांदळवन 1000 चौरस मीटरहून मोठे असेल तर 50 मीटरच्या बफरचीही चौकशी करा. पुढ्यातले वाळूचे उंचवटे मात्र जेसीबीने सपाट करू नका, ते सीआरझेड-1 मध्ये, म्हणजे सर्वांत संवेदनशील गटात, येतात.