कार्ड एकच, मग किंमत वेगळी का?

प्रश्न : मुलासाठी गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय. लॅमिंग्टन रोडवर आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्डाचे दोन पाहिले, किमतीत बराच फरक. स्वस्तातला घ्यावा का? – एक वाचक, परळ

उत्तर : आधी कार्डाचे वॉट विचारा. हेच कार्ड कंपन्या ३५ ते ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या क्षमतेने बसवतात; नाव तेच, पण कमी वॉटचं कार्ड जड गेममध्ये स्पष्ट मागे पडतं. कंपनीच्या संकेतस्थळावर, तपशिलात ‘टीजीपी’ (म्हणजे कार्डाचे कमाल वॉट) शोधा. ९५ च्या आसपास असेल तर स्वस्तातला खुशाल घ्या. ८ जीबी रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाका, अडखळणं कमी होईल. मात्र दुसरा स्लॉट रिकामा आहे ना, हे पैसे देण्याआधीच पाहा! ‘४५ टक्के एनटीएससी’ (म्हणजे कमी रंग दाखवणाऱ्या) पडद्यावर रंग फिके दिसतात, वेग घटत नाही.