गिटारचा 'फ्रेट': पडदा की घर?

एका गिटारशिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे लिहायला घेतली आहेत. 'फ्रेट'साठी, म्हणजे गिटारच्या दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या सळ्यांसाठी, पट्टी, सुंदरी आणि पडदा यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि 'बेंडिंग'ला, म्हणजे दाबलेली तार आडवी ओढून स्वर चढवण्याला, 'मींड' म्हटले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. 'पडदा' म्हटले की मुलांना खिडकीचा पडदा आठवतो, ही त्यांची मुख्य अडचण आहे.

खिडकीचा पडदा आठवला तरी 'पडदा' हाच शब्द योग्य आहे, असे माझे मत आहे. हा अर्थ आपण मराठीत ओढूनताणून बसवलेला नाही. फारसीत तार आणि सेतार या वाद्यांच्या दांडीवर बांधलेल्या फ्रेटला 'पर्दे' म्हणतात, तुर्कीतही तोच शब्द याच अर्थाने चालतो, आणि आपल्याकडे सतारीबरोबर तो रुळून गेला आहे. मिरजेचे कारागीर सतारीला पडदे बांधतात, वादक रागानुसार पडदा सरकवतात. गिटारचे पडदे सरकत नाहीत म्हणून हा शब्द तिला लागू पडत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु सरस्वती वीणेचे चोवीस पडदेही मेणात पक्के बसवलेले असतात आणि त्यांना पडदे म्हणताना कोणी अडखळत नाही.

'सुंदरी' हा शब्द हिंदीत सतारीच्या पडद्यासाठी वापरतात. मात्र महाराष्ट्रात, विशेषतः सोलापूरकडे, सुंदरी म्हणजे सनईसारखे पण सनईहून लहान फुंकवाद्य, त्यामुळे तो घेऊ नये. 'पट्टी'चा घोटाळा याहून मोठा आहे. मराठी गाणारा माणूस 'काळी चार पट्टी' किंवा 'पट्टी चढवा' म्हणतो तेव्हा तो गाण्याच्या आधारस्वराबद्दल बोलत असतो. आता गिटारवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावण्याची सूचना लिहून पाहा: 'दुसऱ्या पट्टीवर कॅपो लावून पट्टी चढवावी.' एकाच वाक्यात पट्टी दोनदा आली आणि दोन्ही वेळा तिचा अर्थ वेगळा झाला. गिटारवाल्याला आधारस्वरासाठी हा शब्द सतत लागतो. तो फ्रेटमध्ये खर्ची घालणे मुळीच परवडणारे नाही.

तरीही केवळ 'पडदा' घेऊन काम भागत नाही, कारण इंग्रजी 'फ्रेट' हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी वापरला जातो: फिंगरबोर्डच्या, म्हणजे दांडीवर बोटे पडतात त्या फळीच्या, खाचेत ठोकून बसवलेली धातूची सळी, आणि अशा दोन सळ्यांमधली मोकळी जागा. 'तिसरा फ्रेट दाबा' म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या धातूमधली जागा दाबा. हे 'तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवा' असे शब्दशः लिहिले, तर नवशिका मुलगा प्रामाणिकपणे बोट धातूवरच ठेवतो आणि तार घुसमटल्यासारखी वाजते. बोट फार मागे ठेवले तर ती झणझणते. बोट धातूच्या अगदी मागे, त्याला जवळजवळ टेकून पडले की थोड्या दाबातही स्वर स्वच्छ येतो. विद्यार्थ्याचा पहिला आठवडा याच दोन-तीन मिलिमीटरमध्ये जातो, म्हणून शब्दानेही तिथे नेमकेपणा राखायला हवा.

फ्रेंच लोकांनी हा भेद भाषेतच केलेला आहे. ते धातूला 'फ्रेत' आणि मधल्या जागेला 'काझ' म्हणतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या चौकोनालाही त्यांच्याकडे 'काझ' हाच शब्द आहे. आपण बुद्धिबळात त्याला 'घर' म्हणतो. म्हणून माझी सूचना अशी की धातूला 'पडदा' म्हणावे आणि जागेला 'घर'. झिजतो, खाचा पडल्यावर बदलावा लागतो तो पडदा. बोट पडते ते घर. घराला रुंदीही असते. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेच्या क्लासिकल गिटारवर पहिले घर सुमारे ३६ मिलिमीटरचे, तर बारावे जेमतेम १९ मिलिमीटरचे असते, आणि बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर, ३२५ मिलिमीटरवर येतो. 'वरची घरे लहान होत जातात' हे मराठी वाक्य मुलाला लगेच कळते; 'पडदे लहान होतात' म्हटले तर ते चुकीचेच ठरेल.

या दोन शब्दांची खरी कसोटी स्लाइड गिटारवर लागते. गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांनी रागसंगीतात रुजवलेल्या या वादनात तार दाबली जात नाही, तिच्यावरून धातूची कांडी फिरते, आणि स्वर सुरात यायचा तर कांडी पडद्याच्या मागे नव्हे, नेमकी पडद्याच्या वर यावी लागते. म्हणजे बोटाने वाजवणारा घरात वाजवतो आणि कांडीने वाजवणारा पडद्यावर. इंग्रजी शिकवणीत हा फरक दरवेळी वेगळा समजावून सांगावा लागतो. मराठीत तो दोन शब्दांतच येतो.

आता बेंडिंगविषयी. दाबलेली तार पडद्यावरच आडवी ओढून स्वर चढवणे, ही सतारीच्या मींडेचीच क्रिया आहे, त्यामुळे 'मींड' निःशंकपणे वापरावा. आघात करून मग तार ओढली की अनुलोम मींड; आधी ओढून, आघात करून मग तार सोडली की विलोम मींड. गिटारवाले ज्याला प्री-बेंड आणि रिलीज म्हणतात ती ही विलोम मींड होय. फरक फक्त आवाक्याचा आहे: सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत जाता येते, तर गिटारवर ओढ बहुधा अर्ध्या किंवा एका स्वराची असते. बोट तारेवरूनच सरकवत नेले तर मात्र ती मींड नव्हे. त्यासाठी सतारवादकांचा 'घसीट' हा शब्द आहे. हॅमर-ऑन (वाजत्या तारेवर बोट आपटून पुढचा स्वर काढणे) आणि पुल-ऑफ (बोटाने तार खुडत उचलून खालचा स्वर काढणे) यांना 'कृंतन' जवळचा आहे. स्ट्रमिंगला मी शब्द सुचवणार नाही, कारण सगळ्या तारांवरून हात फिरवून कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक स्वर) वाजवण्याची रीतच आपल्या वाद्यांत नव्हती, आणि 'स्ट्रमिंग' सर्वांना कळते.

टिपणात मग असे लिहिता येईल: 'तिसरी तार, सातवे घर, आघात करून एका स्वराची अनुलोम मींड घ्यावी, आणि मींड घेताना बोट घराबाहेर जाऊ देऊ नये.'