कोल्हापूर ते जळगाव : हवेतून किती किलोमीटर, किती मिनिटे?

प्रश्न : कोल्हापूर आणि जळगाव या विमानतळांमधले हवाई अंतर किती? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात. एटीआरसारखे पंख्यांचे छोटे विमान थेट गेले तर किती वेळ लागेल?

उत्तर : हवाई अंतर सुमारे ४९८ किमी. रस्त्याने पुणे, संभाजीनगर करत गेलात तर तेच सव्वासहाशेच्या घरात जाते.

पडताळा घरी कागदावर घेता येतो. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ १६°४०′ उत्तर, ७४°१७′ पूर्व येथे आहे. जळगावचा २०°५८′ उत्तर, ७५°३८′ पूर्व. अक्षांशांतला फरक २५८ मिनिटे आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल (१.८५२ किमी). रेखांशांतला फरक ८१ मिनिटे, पण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. म्हणून मधल्या अक्षांशाच्या (१८°४९′) कोसाइनने, म्हणजे ०.९४७ ने गुणा : ७७ मैल. आता पायथागोरस लावा. २५८ आणि ७७ चा कर्ण २६९ मैल. त्याला १.८५२ ने गुणले की ४९८ किमी.

आकडे चुकतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. २०°५८′ हे २०.५८ अंश नव्हेत, २०.९७ आहेत. मिनिटांना ६० ने भागायचे विसरलात तर इथे सुमारे १७ किमी कमी भरतात. कोसाइन विसरलात तर या जोडीत जेमतेम दोन किलोमीटरचा फरक पडेल, कारण मार्ग जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. कोल्हापूर–नागपूरला मात्र तीच चूक वीसेक किलोमीटर वाढवते.

आता वेळ. एटीआर-७२ चा उंचीवरचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास, म्हणून एक तास असा हिशेब सगळे करतात. पण चढताना वेग बराच कमी असतो आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी वळसा पडतो. हवेतली ६५ ते ७० मिनिटे धरा. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतची असते. समांतर टॅक्सी-वे (धावपट्टीच्या बाजूने विमानांना चालण्याचा रस्ता) नसलेल्या विमानतळावर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन मागे वळावे लागते. १,७०० मीटरच्या धावपट्टीला जमिनीवर चालण्याच्या वेगाने विमानाची तीन मिनिटे जातात. हे सगळे धरून १ तास २० मिनिटांची तयारी ठेवा. जेट विमान असले तरी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वाचत नाहीत, कारण एवढ्या अंतरात त्याचा बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

प्रश्न : परतीला वेळ वेगळा लागेल का?

उत्तर : फारसा नाही. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात आणि या मार्गावर ते आडवे लागतात. ताशी ६० किमीचा पश्चिमवारा जळगावकडे जाताना जेमतेम ताशी १७ किमीची मदत करतो. तोच वारा नागपूरकडे जाताना चांगला जाणवतो. समोरून थेट ताशी ४० किमीचा वारा असेल, तर मात्र ५०० किमीला पाच मिनिटे जास्त धरा.

प्रश्न : मुंबईमार्गे गेलो तर?

उत्तर : कोल्हापूर–मुंबई ३०९ आणि मुंबई–जळगाव ३५६, एकूण ६६५ किमी. हवेतला वेळ अर्ध्या तासाने वाढेल, पण खरा वेळ मुंबईतल्या थांब्यात जातो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.