आजीचे हजार चंद्र

प्रिय बाळा,

काल आजीचे फोटो बघताना तू विचारलंस, "एवढे दिवे कशाला? आणि आजीनं हजार चंद्र खरंच पाहिले का गं, की नुसतं म्हणायचं?" तेव्हा मला बोलता येईना, म्हणून आज लिहितेय.

तो फोटो तिच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण २९.५३ दिवस. त्याला हजारानं गुणून बघ, ८० वर्षं १० महिने होतात. म्हणून एक्क्याऐंशीव्या वर्षी आपल्याकडे हा सोहळा करतात. आम्ही तिला ८१ दिव्यांनी ओवाळलं. कणकेचे दिवे आम्ही बहिणींनी आदल्या रात्री वळले होते. ज्यांच्या कडा चिरल्या होत्या, ते तिनं मोडून पुन्हा केले. स्वतःच्याच ओवाळणीचे!

पौर्णिमा काही कुणी मोजत बसत नाही. पण आजी दर महिन्याला चंद्राची वाट बघायची, ती संकष्टीला. दिवसभर उपास, चंद्र बघूनच जेवण. साताऱ्याच्या घरी आम्हा चौघा भावंडांना ती आठलाच वाढायची, मग आजोबांचं पान. मोदक तळून, ओटा पुसून ती ताम्हन घेऊन गच्चीत जायची. शेजारच्या कडुलिंबाआड चंद्र अडकून राहायचा. दिसला की अर्घ्याचं पाणी, अक्षता, फूल, आणि पदर पुढे घेऊन नमस्कार. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ बघायची. ती जेवायला बसायची तेव्हा आम्ही झोपलेले असायचो. तिला कधी कुणी वाढलं असेल का, हे मला आजही आठवत नाही, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हापासून एकोणनव्वदाव्या वर्षी ती गेली तोवर, अधिक महिने धरून साडेआठशेच्या वर संकष्ट्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी उपास बंद केले, तरी गच्चीत खुर्ची टाकून ती बसायचीच. ती गेल्यावर सगळ्यांनी लिहिलं, "आदर्श गृहिणी, प्रेमळ माता." खोटं काहीच नाही त्यात. पण त्या गच्चीतली तिची भूक त्या शब्दांत येत नाही, म्हणून तुला हे सगळं सांगितलं.

मी मेलबर्नला आले तेव्हापासून संकष्टीला फोन केला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे निघाला का गं?" इथे मेलबर्नला चंद्र आधी निघायचा. मी "हो" म्हटलं की तिला काय आनंद व्हायचा.

येत्या संकष्टीला आपण दोघं मागच्या अंगणात जाऊ. ताम्हन तिचंच आहे. चंद्रावरचा ससा इथून उलटा दिसतो, नीट बघ. ते तेवढं तिला सांगायचं राहून गेलं.

तुझी,
आई