वाचकांचे प्रश्न : चैत्रातलं गरवणं, किनाऱ्यावरून आणि कयाकवरून

होळी झाली की दरवर्षी पत्रांचा ढीग येतो. थंडी गेलेली असते, पाणी नितळ झालेलं असतं, पाऊस अजून लांब, त्यामुळे जो तो रॉड उचलून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, समुद्राकडे निघतो. या वेळी आलेल्यातले काही प्रश्न घेतलेत, काहींना जरा लांबलचक उत्तर दिलंय कारण तेवढं देणं गरजेचं वाटलं.

मी पनवेलला राहतो. जानेवारीत बारा हजार घालून रॉड आणि रील घेतलं, होळीच्या सुट्टीत काशीदला गेलो, सकाळी दहापासून चारपर्यंत लूर (नकली आमिष) फेकत होतो, एक चावा नाही. कुठला लूर घेऊ? पॉपर घेऊ की मेटल जिग?

भाऊ, आत्ता काहीच घेऊ नका. तुमच्याकडे आहे ते सामान पुरेसं आहे, चुकली ती वेळ. होळी म्हणजे पुनव, आणि पुनवेला आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण दुपारी बाराच्या सुमाराला असते. म्हणजे तुम्ही ऐन उन्हात, डोक्यावर सूर्य, पाणी काचेसारखं, त्यात भरती भरून पाणी थबकलेलं अशा वेळी मधले तास घालवलेत. अशा वेळी मासा काठाला येत नाही, आला तरी तुम्हाला आधी बघतो.

कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांचा हिशेब आहे, तो पाठ करून टाका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. जागेप्रमाणे अर्धा पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे नेमकी वेळ मोबाईलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघाच, पण कॅलेंडर बघून कुठला रविवार कामाचा आहे हे घरबसल्या कळायला हा हिशेब फार उपयोगी पडतो. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, पाणी जोरात आणि लांबवर चढतं-उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. मुंबई-अलिबागकडे मोठ्या उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, मालवणला मात्र दोनेक मीटरच, म्हणून मालवणच्या माणसाने सांगितलेली युक्ती अलिबागला जशीच्या तशी चालत नाही आणि उलटही नाही.

आता याचा वापर कसा करायचा ते सांगतो. जिताडा हवा असेल तर उघडा बीच सोडा, खाडीचं तोंड धरा. ओहोटी लागली की तिवरांतलं पाणी बारक्या बारक्या ओहोळांतून बाहेर पडतं, त्यासोबत कोळंबी, बोयटीची पिल्लं वाहत येतात आणि जिताडा त्या ओहोळाच्या तोंडाशी तोंड लावून उभा असतो, त्याला पोहत फिरायची गरजच नसते. म्हणजे तुम्हाला पहाटेची ओहोटी पाहिजे. चतुर्थी-पंचमीला भरती तीन-पावणेचारला होते, उजाडताना पाणी छान उतरत असतं, साडेपाच ते साडेआठ हे तीन तास मिळाले की बास. फाल्गुन-चैत्रात नद्यांचं गोडं पाणी आटलेलं असतं त्यामुळे खारं पाणी खाडीत बरंच आत जातं आणि मासाही आत जातो, म्हणून मुखापासून दोन-तीन किलोमीटर आतले पूल, जुन्या जेट्टीचे खांब सुद्धा बघा.

तांबोशी खडकात असते, तिला उलट चढतं पाणी आवडतं. पुनवेला पहाटे सहाला ओहोटी पूर्ण असते, तेव्हा जाऊन खडक उघडे असताना नीट बघून घ्या कुठे घळ आहे, कुठे खड्डा आहे, फोटो काढा, मग पाणी चढायला लागलं की त्याच घळीच्या तोंडाशी लूर टाका. आणि परतीची वाट बुडायच्या आधी तिथून निघा, चावे सुरू असले तरी.

आणि काशीदलाच जायचं असेल तर लूर बाजूला ठेवा, बारीक गरी, छोटं शिसं आणि सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा लावून गुडघाभर पाण्यापलीकडे पहिली लाट फुटते तिथल्या घळीत टाका. मुडदुशी मिळते. लहान मासा आहे पण नवशिक्याच्या हाताला चावा कसा असतो ते ती शिकवते, आणि तळून खायला तिच्या तोडीचं फार कमी काही आहे असं माझं मत आहे.

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, दापोलीजवळ आमचं घर आहे. त्याने मित्राबरोबर मासेमारीसाठी कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) घेतलीय. पहाटे एकटाच जातो, म्हणतो समुद्र अगदी तळ्यासारखा असतो. मला झोप लागत नाही. बंद करायला सांगू का?

ताई, बंद करायला सांगू नका, तो लपून जाईल. पण तुमची काळजी अगदी बरोबर आहे आणि "तळ्यासारखा" हा शब्दच मला जास्त घाबरवतो.

शाळेत भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो ना, तेच इथे जिवावर येऊ शकतं. रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हा मतलई. त्याने किनाऱ्याजवळ लाट दबते, पाणी सपाट दिसतं, आणि कयाक न वल्हवता आपोआप बाहेर जाते, बसलेल्याला वाटतं आज काय मस्त स्पीड आहे. जसजसं बाहेर जावं तसतसा डोंगराचा आडोसा संपतो आणि वारा वाढतो. मग वळून परत यायचं म्हटलं की समोरून वारा. शांत पाण्यात कयाक ताशी चार-पाच किलोमीटर जाते, समोरून वारा असला की त्याच्या निम्मी सुद्धा धड जात नाही आणि हात तर आधीच दमलेले. पुढे ऊन चढलं की वारा फिरतो, दुपारी उत्तर-पश्चिमेकडून खारा वारा लागतो आणि एप्रिल-मेमध्ये तो चांगलाच जोर धरतो, तेव्हा लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि काठाला उतरतानाच कयाक उलटते.

मी स्वतः एकदा गुहागरच्या बाजूला मार्चमध्ये असाच अडकलो होतो. टोळ मासा लागला होता, त्याला सोडवताना वल्हं मांडीवरून घसरलं आणि वल्ह्याला दोरी बांधलेली नव्हती. वारा बाहेरचा. ते वल्हं माझ्यापासून दहा फुटांवर होतं आणि दर मिनिटाला लांब जात होतं, शेवटी मी पाण्यात उतरून पोहत गेलो, म्हणजे कयाक सोडली, ती दुसरी चूक. एका गिलनेटवाल्या होडीने उचललं म्हणून आज हे लिहितोय. त्या दिवसापासून वल्ह्याला दोरी आणि मला कयाकशी जोडणारी दोरी बांधल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही.

तर मुलाला एवढं करायला लावा. लाइफ जॅकेट अंगात, सीटमागे कोंबलेलं नाही. जाण्याआधी कंबरभर पाण्यात कयाक मुद्दाम उलटी करून परत वर चढायचा सराव, तुमच्यासमोर, दहा वेळा. जमत नसेल तर जमेपर्यंत खाडीतच राहायचं. फोन पाणबंद पिशवीत गळ्यात, कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर त्यात, शिट्टी जॅकेटला. काठीवर भगवा किंवा पिवळा झेंडा, कारण कयाक पाण्यालगत असते आणि ट्रॉलरवाल्याला ती लाटेमागे दिसतच नाही. पहिला वर्षभर किनाऱ्यापासून पाचशे मीटरच्या आत, आणि निघाल्या निघाल्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वल्हवायचं, म्हणजे परतताना वारा मदतीला असतो. मतलई जोरात असेल तर मग किनाऱ्याला धरूनच राहायचं. दहाच्या आत पाय वाळूवर. आणि एकटं नाही, मित्र आहे म्हणता ना, मग दोघं जा.

अजून एक गोष्ट. एप्रिल-मेमध्ये वारा नाही, ढग नाही आणि तरी अचानक मोठ्या लाटा येतात असं होतं. खाली दक्षिण हिंदी महासागरात लांब कुठेतरी वादळ झालेलं असतं, त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्याकडे पोचतात, केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था याचे इशारे आधी देते. रोज रात्री ते बघायची सवय लावा, तुम्हीही बघा ताई, म्हणजे सकाळी नाही म्हणायला कारण हातात असेल. हे खडकावर उभं राहून गरवणाऱ्यांनाही तितकंच लागू आहे.

शिंगाळा गरीवरून काढताना काटा बोटात घुसला, हात खांद्यापर्यंत ठणकत होता. अशा वेळी काय करायचं? आणि केंड (फुगणारा मासा) सतत तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापतात, ते खातात का? (वेंगुर्ला)

काटा दिसत असेल आणि वरवर असेल तर काढा, जखम धुवा आणि हात गरम पाण्यात बुडवा, साधारण पंचेचाळीस डिग्री, म्हणजे सहन होईल इतकं कडक. पाणी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासायचं, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही आणि भाजतं. अर्धा तास ते दीड तास, पाणी बदलत. त्या विषाला उष्णता सोसत नाही त्यामुळे ठणका उतरतो. मग डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन, तुटलेला काटा आत राहिलाय का ते बघणं, हे टाळू नका. पाकटाचा (स्टिंगरेचा) काटा लागला तरी हेच, फक्त पाकटाची जखम छातीपोटाला असेल तर काहीही उपटत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

केंड अजिबात खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. कोणी सांगितलं की अमुक भाग काढला की चालतो तरी नाही. तो तंगूस कापतो कारण त्याचे दात पोपटाच्या चोचीसारखे असतात, आणि केंडांचा थवा आला की जागा बदलणं हाच उपाय, तिथे बसून गऱ्या वाया घालवू नका.

मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणला येतोय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती कयाकवरून गरवता येईल का?

किल्ल्याभोवतीचा भाग सोडा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, एकूण २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर आणि त्यातला गाभा तीनेक चौरस किलोमीटर, तो किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचाच. तिथे प्रवाळ आहे, मासा तिथे वाढतो म्हणून बाहेर मिळतो. देवबागला कर्लीच्या मुखाशी जा, पण आधी गावात विचारा, वनखात्याकडे विचारा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर त्यांच्या वेढ्यात कयाक घालायची नाही, उलट उतरून दोरीला हात लावा, त्यांच्याकडून जे कळतं ते कुठल्याच व्हिडिओत नाही. उत्तर कोकणात असाल तर खाडीतल्या डोल जाळ्याच्या खुंटांना कयाक बांधू नका, ओढीला जाळ्यात गेलात तर बाहेर येणं कठीण.

आणि बारके मासे सोडा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवलाय. जिताड्याच्या बाबतीत मी म्हणेन फार मोठाही सोडा. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे तुमच्या हातातला दहा किलोचा जिताडा बहुतेक मादीच. फोटो काढा, ओल्या हाताने धरा, तोंड प्रवाहाकडे करून सोडा. मधला, दोन-तीन किलोचा घरी न्या, चवीलाही तोच बरा.

आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. एप्रिलमध्ये इथे सगळे रॅरिटन बेवर स्ट्राइप्ड बास पकडायला जातात. मला लहानपणापासून मुरुडला गरवायची सवय आहे. तेच ज्ञान इथे चालेल का?

पाण्याची ओढ वाचायचं ज्ञान चालेल, बाकी बरंच नव्याने शिकावं लागेल. हा मासा वसंतात अंडी घालायला हडसनसारख्या नद्यांकडे निघतो आणि त्याआधी रॅरिटन बेच्या उथळ, लवकर तापणाऱ्या पाण्यात खात थांबतो, म्हणून तिथे तिथी इतकंच पाण्याचं तापमान महत्त्वाचं. पन्नास फॅरनहाइटच्या आसपास आलं की हालचाल वाढते. बंकर नावाच्या छोट्या माशाचा थवा जिथे, तिथे बास. आपल्याकडे बोयटीमागे जिताडा तसंच.

नियम मात्र कडक आहेत आणि पाळायचेच. दिवसाला एकच मासा, तोही २८ इंचांपेक्षा कमी नाही आणि ३१ इंचांच्या आत, आमिष लावून धरणार असाल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेली गोल गरी. खाऱ्या पाण्यासाठी लायसन्स लागत नाही पण राज्याच्या रजिस्ट्रीत फुकट नाव नोंदवावं लागतं. नियम बदलत असतात म्हणून सीझनच्या आधी राज्याच्या साइटवर बघा.

आणि कृपा करून मुरुडच्या सवयीने हाफ पँट घालून कयाकवर बसू नका. एप्रिलमध्ये हवा वीस डिग्री असली तरी पाणी आठ-दहा डिग्री असतं. त्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही आणि दहाएक मिनिटांत हातांतली ताकद जाते, पट्टीचा पोहणाराही कयाकवर परत चढू शकत नाही. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख) आणि लाइफ जॅकेट, दोन्ही. ड्रायसूटचे पैसे जमेपर्यंत किनाऱ्यावरूनच गरवा, क्लिफवूड बीच, कीपोर्टकडून लोक खूप चांगले मासे काढतात.

रात्री अंजर्ल्याला गरवताना लाटा निळ्या-हिरव्या चमकत होत्या आणि एकही मासा लागला नाही. संबंध आहे का?

आहे. ते चमकणारे सूक्ष्म जीव पाणी हललं की उजेड देतात, त्यामुळे तुमचा तंगूस आणि लूर पाण्यातून जाताना उजेडाची रेघ ओढतो आणि मासा सावध होतो. त्या रात्री लूर बंद करून आमिष तळाला स्थिर ठेवून बघा.

पण तुम्ही अंजर्ल्याचं नाव घेतलंत म्हणून एक सांगतो. अंजर्ले, वेळास आणि आसपासच्या किनाऱ्यांवर याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडतात, आणि ती उजेडाच्या दिशेने जातात. तुमचा हेडलॅम्प वाळूवर लागलेला असेल तर ती समुद्राऐवजी तुमच्याकडे येतील. दिवा फक्त गाठ मारताना, लाल, पाण्याकडे तोंड करून. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा, आणि वाळूत कुंपण किंवा जाळी लावलेली दिसली तर तिथून निदान शंभर पावलं लांब बसा.