चंद्राला खळी नव्हे, खळं!

प्रश्न असा आलाय: १९८७ साली मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, जो तारा फुटलेला दिसला, त्याच्याभोवती चमकणाऱ्या वायूच्या कड्याला 'खळं' म्हणावं का?

विचारलंत ते बरं झालं. पुण्यात 'चंद्राला खळी पडलीय' म्हणणारी चांगली शिकलेली माणसं मला सारखी भेटतात. खळी गालाला पडते! चंद्राभोवती उजेडाचं कडं पडतं ते खळं, आणि ते मळणीचंच खळं.

जमीन चोपायची, शेणानं सारवायची, मधोमध तिवडा रोवायचा, त्याला बैलांची पात जुंपून कणसांवरून गोल फिरवायची. आता तिवड्याच्या जागी चंद्र ठेवून बघा. ग्रीकांनाही हेच दिसलं. त्यांचा 'हालोस' म्हणजे मळणीचं खळं, त्यावरूनच इंग्रजीतला 'हेलो' (halo), म्हणजे चंद्राचं खळं. आपलं खळं संस्कृत 'खल'वरून आलं, म्हणजे शब्दांचं नातं नाही. चित्र मात्र एकच. याला योगायोग म्हणून हात झटकणाऱ्या विद्वानांनी भागवताचा पाचवा स्कंध उघडावा. तिथे ध्रुव म्हणजे मेढ, आणि ग्रहतारे म्हणजे मळणीत तिच्याभोवती फिरणारी गुरं. मेढ म्हणजे आपला तिवडाच! माझं ठाम मत आहे की आकाशाची ही भाषा खळ्यावर राखणीला निजणाऱ्यांनी घडवली. कोशकार मात्र 'परिवेष' पुढे करतात. वराहमिहिरानं वापरलेला शब्द आहे, मान्य. पण त्यात नुसता वेढा आहे, बैल नाहीत की तिवडा नाही.

राहिला तुमचा तारा. चंद्राचं खळं उसन्या उजेडाचं, उंच ढगांतले बर्फाचे स्फटिक चंद्रप्रकाश वळवतात म्हणून दिसणारं. ताऱ्याभोवतीचा वायू स्वतः उजळतो. फुटण्याच्या सुमारे २०,००० वर्षं आधी ताऱ्यानंच तो टाकला होता. स्फोटाच्या अतिनील झोतानं त्यातले इलेक्ट्रॉन सुटे झाले, आणि ते पुन्हा अणूंत परतताना प्रकाश बाहेर पडला. पुढे स्फोटाचा धक्का येऊन आदळला तेव्हा कडं ठिकठिकाणी मोत्यांच्या माळेसारखं लकाकलं. म्हणून शास्त्रीय लिखाणात 'कडं'च लिहा, 'ऑरा' (तेजोवलय) तर मुळीच नको.

बोलताना मात्र खुशाल खळं म्हणा. त्या कड्याच्या मधोमध न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, असल्याच्या खुणा अंतराळातल्या वेब दुर्बिणीला मिळाल्या, २०२४ साली तसं जाहीर झालं. म्हणजे तिवडाही सापडला!