पहिला सांगाडा उठवताना

अरे, डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळात पाचव्या लेव्हलला विझार्डला (जादूगार पात्राला) ‘अ‍ॅनिमेट डेड’ हा मृतांना उठवायचा मंत्र मिळाला की सांगाड्यांची फौज उभारावीशी वाटतेच. पण खेळाच्या २०१४च्या नियमांतलं आधी एवढंच पक्कं कर:

- मंत्राला १ मिनिट लागतं. ऐन लढाईत टाकता येत नाही.
- हुकूम बोनस अ‍ॅक्शनने (आपल्या टर्नमधल्या जादा छोट्या कृतीने), ६० फुटांच्या आत.
- ताबा २४ तासच. नवखे इथेच चुकतात! मुदतीआधी मंत्र पुन्हा टाक, नाहीतर सांगाडा तुझं ऐकणं सोडतो. त्या वेळी नवा उठत नाही, जुन्यांचाच ताबा टिकतो. म्हणून एक स्लॉट (मंत्र टाकायची एक संधी) राखून ठेव.

सुरुवात एकाच सांगाड्याने कर, हातात धनुष्य देऊन. त्याचे १३ हिट पॉइंट (जीव किती उरला ते सांगणारे गुण) वेगळ्या कागदावर लिही. आमच्या दादरच्या टेबलावर एकाचाच टर्न लांबला की बाकीचे लगेच मोबाईल काढतात. आणि गावात सांगाडा फिरवलेला चालेल का, हे डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आधीच विचार. वरच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या स्लॉटचं नंतर बघू.